द्वैभाषिक आंतरराष्ट्रीय शाळेत लहान मुलाचा प्रवेश: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पूर्वप्राथमिक वर्गाला शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत मुलांच्या निरीक्षणाला बसते. खालचे प्रश्न तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी मला फोनवर, फाटकापाशी आणि बरेचदा मूल शेजारी उभं असताना विचारलेले आहेत. मुलासमोर विचारणं तेवढं टाळा. ‘हिला येत नाही हो काही’ हे वाक्य तिला बरोबर कळतं.

द्वैभाषिक शाळा आणि आंतरराष्ट्रीय शाळा एकच ना?

नाही, आणि या एका गैरसमजापायी लोक चुकीच्या शाळेत फॉर्म भरतात. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द साधारणपणे अभ्यासक्रमाबद्दल असतो. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, १९६८ साली जिनिव्हात सुरू झालं. त्याचा ३ ते १२ वयोगटासाठीचा प्राथमिक कार्यक्रम, पीवायपी, १९९७ साली आला. या कार्यक्रमाच्या शाळांमध्ये उशिरात उशिरा वयाच्या सातव्या वर्षापासून दुसरी एखादी भाषा शिकवावीच लागते. पण आठवड्यातून काही तास दुसरी भाषा ‘विषय’ म्हणून शिकवली तरी ती अट पूर्ण होते. तेवढ्याने शाळा द्वैभाषिक होत नाही.

द्वैभाषिक शाळेत दोन्ही भाषांतून *शिकवतात*. बी कशी रुजते हे एका भाषेत, बेरीज दुसऱ्या भाषेत, असं काहीतरी. माहितीपत्रकावर दोन्ही शब्द मोठ्या अक्षरात असले, तरी आठवड्याचं वेळापत्रक मागून घ्या.

मग शाळेला नेमकं काय विचारायचं?

दोन्ही भाषांची वाटणी विचारा. काही ठिकाणी पहिल्या दिवसापासून निम्मं-निम्मं असतं. काही ठिकाणी सुरुवातीला नव्वद टक्के एका भाषेत आणि वरच्या इयत्तांत हळूहळू निम्म्यावर येतात. दोन्ही पद्धती जुन्या आणि पारखलेल्या आहेत. मायामीच्या कोरल वे शाळेत १९६३ साली इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणारी मुलं एकत्र बसवून दोन्ही भाषांतून शिकवायला सुरुवात झाली. १९६५ साली मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरला, आणि त्यांची मुलं बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकू लागली. पहिली काही वर्षं ती इंग्रजी वाचनात थोडी मागे होती. इंग्रजीतून शिकवणं सुरू झाल्यावर तेही भरून निघालं.

याशिवाय मी तरी एवढं विचारीन. वाचायला आधी कुठल्या भाषेत शिकवता? दोन भाषांना दोन वेगळे शिक्षक आहेत की एकच? एखादं मूल रडत असेल आणि त्याला शाळेची एकही भाषा येत नसेल, तर तुम्ही काय करता? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरची व्यक्ती थोडी थांबून एखादं खरं उदाहरण सांगत असेल तर चांगलं लक्षण समजा.

आयबीच्या शाळांना आपलं भाषाविषयक धोरण लेखी ठेवावं लागतं. ते मागण्यात संकोच करू नका.

आणि वर्ग चालू असताना एक फेरी मारू द्या म्हणा. भिंतीवरची मुलांची कामं दोन्ही भाषांत आहेत का, की दुसरी भाषा फक्त दाराच्या पाटीवर आहे, हे दोन मिनिटांत कळतं.

प्रवेशाच्या दिवशी मुलाचं काय बघतात?

बहुतेक ठिकाणी पाच-सहा मुलं, दोन शिक्षिका, आणि ठोकळे, चिकणमाती, चित्रांची पुस्तकं असलेली एक खोली. अर्धा-पाऊण तास खेळ. पालक बाहेर, किंवा कोपऱ्यात गप्प बसलेले. मोठ्या मुलांना, म्हणजे पाच-सहाच्या पुढे, थोडं वाचन आणि आकडेही असतात. लहानांसाठी ‘परीक्षा’ अशी नसते.

एक प्रसंग सांगते. माझी सहकारी एका मुलाला, त्याला अजिबात न येणाऱ्या भाषेत म्हणाली, “तो लाल ठोकळा आण.” मुलगा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तिचा हात कुठे वळलाय ते त्याने बघितलं. मग शेजारचा मुलगा काय करतोय ते. आणि उठून त्याने लाल रंगाचा कप आणून दिला. चुकलं. पण आमच्या दोघींच्याही कागदावर बरोबरची खूण होती. त्या मुलाला न कळलेल्या गोष्टीशी झटापट करता येत होती. त्याच दिवशी एका मुलीने दोन भाषांत दहा रंग धडाधड म्हणून दाखवले. मी तिला दोन कप दाखवून “तुला यातला कुठला आवडतो?” असं विचारलं, तर ती पुन्हा पहिल्या रंगापासून सुरू झाली. मूल हुशार होतं, प्रश्नच नाही. पण तिची तयारी पाठांतराची करून घेतलेली होती, आणि आम्हाला ती मुलगी काही केल्या दिसेना.

कागदावर आम्ही साधारण हे टिपतो: आईबाबांपासून सुटं होताना काय होतं आणि किती वेळात सावरतं. खेळणं हवं असेल तर मागतं, ओढतं, की नुसतं बघत बसतं. एखाद्या गोष्टीत किती वेळ रमतं. नुसत्या बोलण्यावर, हातवारे न करता, दोन पायऱ्यांची सूचना कळते का; म्हणजे ‘पुस्तक ठेव आणि इकडे ये’. ही सूचना मुलाच्या घरच्या भाषेत द्यायची सोय असेल तर आम्ही तसंच करतो. आणि मदत लागली तर कुणाकडे वळतं.

मुलाला शाळेची भाषा अजिबात येत नाही. क्लास लावायचा का?

प्रवेशासाठी नको. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्या भाषेचे आवाज ओळखीचे व्हावेत एवढंच पुरे: गाणी, बडबडगीतं, एखादी गोष्ट तीच-तीच, किंवा ती भाषा बोलणारं शेजारचं मूल. शेजारचं मूल मिळालं तर सोन्याहून पिवळं.

मूल पाच-सहाचं असेल आणि वरच्या वर्गात घालायचं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे वर्गातल्यांना आधीच दोन वर्षं त्या भाषेत झालेली असतात. अशा वेळी शाळेलाच विचारा की मधून येणाऱ्या मुलांसाठी भाषेचा जादा तास आहे का, आणि तो खेळाच्या तासाच्या बदल्यात तर घेत नाहीत ना.

घरी आपली भाषा बंद करून शाळेची भाषा सुरू केली तर लवकर येईल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि याचं उत्तर मी स्वतः चूक करून शिकले आहे.

माझ्या मुलीच्या वेळी प्रवेशाला तीन महिने असताना मी घरात इंग्रजी सुरू केलं. शिक्षिका असून. त्याआधी ती संध्याकाळी बालवाडीतल्या भांडणाची साग्रसंगीत हकिगत सांगायची: कुणी आधी ढकललं, कोण खोटं बोललं, बाईंनी कुणाची बाजू घेतली. आठवड्याभरात ती ‘गुड’, ‘नो’ आणि ‘ओके’वर आली. मला वाटलं, शांत झालीय, समजूतदार झालीय. एका रात्री अंथरुणात ती कुजबुजत म्हणाली, “आता दिवा बंद झाला, आता आपलं बोलू का?” दुसऱ्या दिवशी मी तो उद्योग बंद केला.

यामागे शास्त्रही आहे. कॅनडाचे शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली भाषेच्या दोन पातळ्या वेगळ्या करून दाखवल्या. मैदानावरची, मित्रांशी बोलायची भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात. पण कारणं देणं, तुलना करणं, पुस्तकातला उतारा समजणं, ही अभ्यासाची भाषा बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि ही दुसरी पातळी एका भाषेत पक्की असेल, तर तिच्यावर दुसरी भाषा उभी राहते. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जर-तर’, ‘त्याच्या आधी’ हे ज्याला घरच्या भाषेत वापरता येतं, त्याला नव्या भाषेत फक्त शब्द शिकायचे असतात. ज्याला ते कुठल्याच भाषेत येत नाही, त्याला शब्द आणि विचार दोन्ही एकदम शिकावे लागतात.

शिवाय तुमचं त्या भाषेतलं बोलणं किती मोकळं आहे, हेही बघा. आपण परक्या भाषेत बोलतो तेव्हा बहुतेक हुकूमच सोडतो: बस, खा, चल, झोप. थट्टा, चिडवणं, लाडाची नावं, आजोबांच्या लहानपणीचे किस्से आपल्याच भाषेत येतात. मुलाचा शब्दसाठा त्यातूनच वाढतो.

आणखी एक. बाहेरची भाषा मुलाला बाहेर मिळणारच असते, घरच्या भाषेची मात्र खात्री नसते. भाषाशास्त्रज्ञ ॲनिक द हाउवर यांनी बेल्जियमच्या डचभाषक भागातल्या १,८९९ कुटुंबांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध केली. या घरांत डचशिवाय दुसरी भाषाही बोलली जात होती. तरी जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या घरांत मुलं ती दुसरी भाषा बोलतच नव्हती. आई आणि बाबा दोघंही ती भाषा बोलत होते, तिथे ती टिकण्याचं प्रमाण सगळ्यात चांगलं होतं.

आईने एक भाषा आणि बाबांनी दुसरी, असं ठरवून बोलावं का?

‘एक व्यक्ती, एक भाषा’ ही युक्ती जुनी आहे. फ्रेंच भाषाभ्यासक ज्यूल रोंजा यांनी आपल्या मुलावर ती वापरली. ते फ्रेंच बोलत, आई जर्मन, आणि त्याच्या नोंदी त्यांनी १९१३ साली प्रसिद्ध केल्या. दोघांच्या मातृभाषा खरोखरच वेगळ्या असतील तर छान. पण दोघांची भाषा एकच असताना बाबांनी ऑफिसातून आल्यावर मुद्दाम परक्या भाषेचा अंगरखा चढवायचा, हे फार दिवस टिकत नाही. मुलं ढोंग लगेच ओळखतात आणि सरळ आईकडे जातात.

मूल दोन भाषांची खिचडी करतं. गोंधळ होतोय का?

“मला ते ब्लू वालं दे ना, माझं ब्रेक झालं.” असं बोलणारं मूल गोंधळलेलं नसतं. या क्षणी जो शब्द हाताशी आला तो त्याने वापरला, आणि वाक्याचा सांगाडा बघा, पक्का मराठी आहे. घरातली मोठी माणसंही असंच बोलतात, हे जरा कान देऊन ऐका.

मुलाला टोकू नका. “अच्छा, निळं तुटलं का? कसं तुटलं?” एवढं म्हणा. योग्य शब्द त्याच्या कानावरून गेला, आणि गोष्टही पुढे सरकली.

फ्रांस्वा ग्रोजाँ नावाचे भाषाशास्त्रज्ञ म्हणतात की द्वैभाषिक माणूस म्हणजे एकाच अंगात राहणारे दोन एकभाषिक नव्हेत. हे ध्यानात ठेवलं तर शब्द मोजतानाही चूक होत नाही. संशोधक बार्बरा पिअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली लहान द्वैभाषिक मुलांचे शब्द मोजले तेव्हा दोन्ही भाषा मिळून बेरीज केली, आणि ती मुलं एकभाषिकांच्या मागे नव्हती. तुम्हीही एकाच भाषेचे शब्द मोजून घाबरू नका.

दोन भाषांमुळे बोलायला उशीर होतो म्हणतात. आमचंही मूल कमी बोलतं.

दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. पण ‘दोन भाषा आहेत ना, म्हणून उशीर’ या समजुतीच्या आड खरी अडचण लपते, आणि त्यात मौल्यवान वर्ष जातं. दोन वर्षांचं झाल्यावर दोन्ही भाषा मिळून पन्नासेक शब्द नाहीत, किंवा ‘बाबा ये’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही, तर आधी कानांची तपासणी आणि मग वाचातज्ज्ञ. कान आधी. सर्दीने मधल्या कानात पाणी साठून महिनोन् महिने कमी ऐकू येणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि घरच्यांना वाटायचं की पोरगं लक्षच देत नाही.

तीन-चार वर्षांचं मूल शब्दाच्या सुरुवातीला अडखळत असेल, तर ते बरेचदा आपोआप जातं. काही महिने टिकलं, चेहरा ताणला जाऊ लागला, किंवा मूल बोलायचंच टाळू लागलं, तर दाखवून घ्या. कुणी ‘एक भाषा बंद करा’ असा सल्ला दिला तर दुसरं मत घ्या.

अक्षरं, अंक, नाव लिहिणं हे सगळं आधी यायला हवं का?

तीन-चार वर्षांच्या मुलाला नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला आपलं नाव लिहिलेलं ओळखता आलं तर सोय होते, कारण दप्तरावर आणि खुंटीवर ते असतं.

लिहायची घाई करू नका. पेन्सिल तीन बोटांत नीट धरणं साधारण साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमू लागतं. त्याआधी हाताला ताकद लागते: माती मळणं, कागद फाडणं, चिमटे लावणं, मणी ओवणं. एक छोटी युक्ती सांगते. मेणाचे रंगखडू मोडून बोटाच्या पेराएवढे तुकडे करून द्या. लांब खडू मूल मुठीत धरतं, पण एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही. तो चिमटीत धरावाच लागतो.

वाचायची खरी तयारी कानाची असते. ‘कमळ’ शब्दात किती टाळ्या? ‘प’ने सुरू होणारी वस्तू शोध. यमक जुळव. हे घरच्या भाषेत खेळा. शब्द तोडून ऐकायचं कसब एकदा आलं की दुसऱ्या भाषेतही कामाला येतं, लिपी वेगळी असली तरी.

गोष्ट वाचताना मध्येच थांबा. “आता काय होईल?” “हा का रडतोय?” उत्तराला वेळ द्या, मनात पाच आकडे मोजा. आपण फार लवकर बोलतो.

स्वतःची कुठली कामं यायला हवीत?

पालक यावर सगळ्यात कमी वेळ घालवतात आणि पहिल्या महिन्यात मुलाला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. शी-शूला जाऊन स्वतःची चड्डी वर करता येणं. हात धुणं. डबा उघडणं, तोच डबा, तेच झाकण, घरी आठ-दहा दिवस सराव करून. पाण्याच्या बाटलीचं बूच. बूट. नाक पुसणं. वर्गात वीस मुलं आणि दोन मोठी माणसं असतात, आणि अडकलेलं झाकण घेऊन परक्या भाषेत मदत मागणं चार वर्षांच्या जिवाला फार अवघड जातं. कितीतरी मुलं मागतच नाहीत. डबा भरलेलाच घरी येतो, आणि घरी वाटतं की खायचे नखरे आहेत.

बटणं आणि नाड्या नंतर शिकता येतील. सध्या इलॅस्टिक आणि वेल्क्रो.

शाळेच्या भाषेतली पाच वाक्यं मात्र खरोखर घोटून घ्या: शूला जायचंय. पाणी हवंय. इथे दुखतंय. नको, थांब. मला कळलं नाही. रंगांची आणि प्राण्यांची नावं शाळा शिकवेल. ही पाच पहिल्या सकाळीच लागतात.

आम्हाला सोडून ते दोन मिनिटंही राहत नाही. निरीक्षणाच्या वेळी रडलं तर?

रडणं आम्ही रोज बघतो. रडण्यामुळे प्रवेश गेलाय असं माझ्या समोर कधी झालेलं नाही. तुम्ही आधीच कळवलंत की मूल बिचकतं, तर बऱ्याच शाळा थोडं लवकर बोलावतात, खोली रिकामी असताना आत फिरू देतात.

घरी महिना-दोन महिने आधीपासून छोटे निरोप सुरू करा. मावशीकडे अर्धा तास, मग एक तास. सांगून जायचं आणि सांगितलेल्या वेळेला यायचं. मूल खेळात गुंतलंय बघून हळूच सटकणं सोपं वाटतं, पण दुसऱ्या दिवशीपासून ते तुमची ओढणी सोडत नाही, कारण आई केव्हाही गायब होऊ शकते हे आता त्याला कळलेलं असतं. ‘पाच वाजता येते’ याचा त्याला अर्थ नसतो. ‘तुझं दूध पिऊन झालं की येते’ याला असतो.

निरोप छोटा ठेवा. दारात दहा मिनिटं समजूत काढणाऱ्या बाबांमागे मूल जास्त वेळ रडतं, हे मी पैजेवर सांगीन.

ॲप आणि व्हिडिओवरून भाषा शिकवली तर?

फार आशा ठेवू नका. संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी ऐकून वाढणाऱ्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन भाषेची बारा सत्रं दिली. समोर माणूस बसून खेळला, त्या बाळांना मँडरिनचे आवाज वेगळे ओळखता येऊ लागले. तीच माणसं व्हिडिओवर दाखवली, तर काहीच फरक पडला नाही. तीन-चार वर्षांची मुलं पडद्यावरून थोडंफार उचलतात, पण शेजारी कुणीतरी बसून बोलत असेल तर. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची शिफारस तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक पडदा नको आणि चोवीस तासांत १० ते १३ तास झोप, अशी आहे. झोपेचा भाग लोक विसरतात. निरीक्षणाला येणाऱ्या मुलांपैकी काही नुसती झोप न झालेली असतात.

पालकांच्या मुलाखतीत काय विचारतात?

घरी कोण कुठली भाषा बोलतं, हीच शाळा का, किती वर्षं इथे राहणार आहात, मूल चिडलं की तुम्ही काय करता, आणि आधी काही थेरपी किंवा तपासणी झाली आहे का.

खरं सांगा. थेरपीचा अहवाल लपवून प्रवेश मिळाला, तर शाळेला पहिल्या दोन आठवड्यांत कळतंच, आणि ज्या मदतीची व्यवस्था आधी करता आली असती ती आता घाईत होते. भाषेबद्दलही तसंच. ‘आम्ही घरी इंग्रजीच बोलतो’ असं सांगणाऱ्या बाबांचा फोन वाजला, ते उठून अस्खलित आपल्या भाषेत बोलले आणि परत येऊन बसले, तेव्हा आम्ही सगळेच टेबलाकडे बघत होतो. घरची भाषा वेगळी असणं या शाळांत कमीपणाचं नाही. काही शाळांना तर दोन्ही भाषांची मुलं हवीच असतात.

मूल सोबत असेल आणि त्याला प्रश्न विचारला, तर उत्तर त्यालाच देऊ द्या. अगदी ‘माहीत नाही’ हेसुद्धा.

वय काठावर आहे. या वर्षी घालू की पुढच्या?

आधी वर्गाचं नाव बाजूला ठेवा. ‘केजी वन’ एका शाळेत चौथ्या वर्षी असतं, दुसरीत पाचव्या. कुठल्या तारखेला किती वय पूर्ण हवं, एवढं विचारा. काठावरचं मूल वर्गातलं सगळ्यात लहान ठरेल, आणि चार वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक डोळ्यांना दिसतो. मूल दुपारी अजून दोन तास झोपत असेल आणि निवडीची मुभा असेल, तर मी थांबेन.

घरची भाषा वेगळी, शाळेच्या दोन वेगळ्या. तीन भाषा जड जातील का?

जगात असंख्य मुलं तीन भाषांत वाढतात. भाषांची संख्या जड जात नाही, वेळेची वाटणी जड जाते. शाळेच्या दोन भाषांची काळजी शाळेला करू द्या, घराने तिसरीत गोष्टी सांगाव्यात. पहिल्या वर्षी मात्र त्यात चौथा क्लास आणि पाचवी हस्तकला घालू नका.

प्रवेश नाकारला. आमच्या मुलात काय कमी होतं?

बहुधा काहीच नाही. जागा कमी, भावंडांना प्राधान्य, आणि भाषांचा समतोल ही नेहमीची कारणं. दोन्ही भाषांची मुलं एकत्र शिकवणाऱ्या शाळा प्रत्येक भाषेची निदान एक तृतीयांश मुलं असावीत असं बघतात. तुमच्या भाषेच्या गटातल्या जागा भरल्या, की पुढचं मूल कितीही गोड असो, प्रतीक्षायादीत जातं. कारण विचारा, शाळा सांगत असेल तर लिहून घ्या, यादीत नाव राहू द्या. वर्ष सुरू झाल्यावरही जागा होतात, कारण अशा शाळांतली बरीच कुटुंबं बदलीवर असतात.

मुलाला ‘तुला घेतलं नाही’ असं सांगू नका. ते तिथे खेळून आलंय. तेवढंच त्याच्यापुरतं खरं आहे.

प्रवेश मिळाला, पण दोन महिने झाले, ते वर्गात एक शब्द बोलत नाही.

घरी नेहमीसारखं बडबडतं का? मग बहुधा हा नव्या भाषेतला मौनाचा काळ आहे. काही आठवडे ते काही महिने चालतो. मूल गप्प असतं, पण कान टवकारलेले असतात: सूचना कळतात, खाणाखुणा करतं, गाण्यात ओठ हलवतं. माझ्या वर्गात एक मुलगी चार महिने बोलली नाही. एक दिवस रांगेत तिच्यापुढे कुणी घुसलं, आणि तिच्या तोंडून पूर्ण वाक्य बाहेर पडलं, हुबेहूब माझ्या आवाजात, माझ्याच वैतागाच्या सुरात. वर्ग हसला, ती पण हसली, मी जरा ओशाळले.

बोलायला लावू नका, ‘बाईंना गुड मॉर्निंग म्हण’ हा दारातला कार्यक्रमही नको. काळजी कधी करायची? मूल घरच्या भाषेतही घराबाहेर कुणाशीच बोलत नसेल, खाणाखुणाही करत नसेल, खेळतही नसेल, आणि हे सुरुवातीचा महिना उलटूनही तसंच असेल तर. भीतीने मुकं होणं हा वेगळा प्रकार आहे आणि त्यावर उपचार लवकर सुरू झालेले बरे. शिक्षिकेशी बोला आणि बालमानसतज्ज्ञांना भेटा.

‘आज काय शिकलास?’ विचारलं की ‘काहीच नाही’ म्हणतो.

प्रश्न फार मोठा आहे. शिवाय दुपारी तो दोन भाषांत थकून आलेला असतो. आधी खाऊ द्या. मग लहान प्रश्न: आज रांगेत तुझ्यापुढे कोण होतं? कुणाला रडू आलं? बाईंनी कुठल्या रंगाचे कपडे घातले होते? आपल्या भाषेत विचारा, आणि ‘याला तिथे काय म्हणतात?’ ही उलटतपासणी करू नका. काही दिवस तुम्हीच सांगा की आज ऑफिसात तुमची कुणाशी वादावादी झाली आणि लिफ्ट कशी बंद पडली. लिफ्टचं ऐकलं की तो बहुतेक मध्येच तोडून आपलं सुरू करतो.